शहराकडेच्या जंगलातल्या पायवाटा दर पावसाळ्यात का बिघडतात?

प्रश्न थोडक्यात असा: शहराला लागून राखीव जंगल आहे, त्यात टेकडीवर जाणाऱ्या तीन-चार पायवाटा आहेत आणि सकाळ-संध्याकाळ चालणाऱ्यांची गर्दी असते. दर पावसाळ्यानंतर वाटा आणखी खोल जातात, लोक चिखल टाळायला कडेने चालतात, वाट रुंद होत जाते आणि एकीच्या तीन होतात. वाटांची डागडुजी करणाऱ्या स्वयंसेवकांमध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो, पॅव्हर ब्लॉक टाकून एकदाचं मिटवून टाका. दुसरा म्हणतो, माणसं जास्त झालीत, वाटाच बंद करा. काय करावं?

माझं मत असं की आत्ताच दोन्हीपैकी काहीही करू नका. आधी चांगला पाऊस लागलेला असताना, वीजबिज कडाडत नसेल तेव्हा, त्या वाटेवर जाऊन या. कोरड्या दिवसांत वाटेवर नुकसान दिसतं, कारण दिसत नाही.

पाऊस सुरू होऊन पंधरा-वीस मिनिटं झाली की पाणी वाटेवर नेमकं कुठे शिरतं ते शोधा. बहुतेक वेळा वरच्या अंगाकडून बोटभर जाडीची धार येऊन मिळालेली असते. तिच्याबरोबर खाली उतरा. थोड्या अंतरावर तिला दुसरी धार मिळते, पाणी गढूळ होतं, मग वाळू सरकायला लागते आणि पुढे खडे घरंगळतात. खडे हलायला लागले तिथून वाट खोल जाते. आता वाटेची बाहेरची, म्हणजे उताराकडची कड हाताने चाचपा. तिथे दोन-तीन बोटं उंचीचा मातीचा वरंबा लागेल. पावलांखाली मधली माती दबते, थोडी बाहेर सरकते आणि वर्षानुवर्षं साचून हा वरंबा तयार होतो. पाणी बाजूच्या उतारावरून खाली जायला तयार असतं, वरंबा त्याला जाऊ देत नाही. वाटेचा पाट होतो तो असा.

म्हणजे पावलं माती दाबतात आणि सैलही करतात, पण वाहून नेतं ते पाणीच. शंभर माणसांऐवजी वीस माणसं चालली तरी पाट तो पाटच राहतो. म्हणून वाटेवरचं पाणी शक्य तितक्या लवकर वाटेबाहेर काढायचं, हे पहिलं काम. ते कितपत जमेल, हे वाट आखली त्या दिवशीच बरंचसं ठरलेलं असतं.

जिथे वाट सरळ टेकडीच्या अंगावर चढते तिथे पाणी आणि वाट दोघांची दिशा एकच असते. याउलट वाट टेकडीला आडवी कापत, हळूहळू उंची घेत गेली तर पाणी तिला ओलांडून खाली जाऊ शकतं. यासाठी वाटा आखणारे लोक एक साधा नियम पाळतात: वाटेचा चढ टेकडीच्या उताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. टेकडीचा उतार १६ टक्के असेल तर वाट ८ टक्क्यांच्या आतच ठेवायची. आणि उतार कितीही तीव्र असला तरी सरासरी चढ १० टक्क्यांच्या पुढे नेऊ नये. मातीची वाट त्यापुढे फार काळ टिकत नाही.

इथे एक सावधगिरी. टक्के आणि अंश यांची गल्लत हमखास होते, कारण फोनमधली उतार मोजणारी ॲप्स अनेकदा अंशांत दाखवतात. १०० मीटर आडव्या अंतरात १० मीटर उंची म्हणजे १० टक्के, आणि ते जेमतेम पावणेसहा अंश होतात. ४५ अंश म्हणजे १०० टक्के. ‘दहाच तर आहे’ म्हणून १० अंशांची वाट आखली तर ती प्रत्यक्षात साडेसतरा टक्क्यांहून जास्त चढाची होते आणि दोन-तीन पावसाळ्यांत घळ बनते.

आता सगळ्या वाटा सारख्या धरू नका. टिकाव उचलण्याआधी त्यांचे दोन गट करा: आडव्या जाणाऱ्या, ज्या दुरुस्त होतात, आणि सरळ चढणाऱ्या, ज्या सहसा होत नाहीत.

आडव्या वाटेवर पहिलं काम म्हणजे तो वरंबा काढून टाकणं. फावड्याने कड खरवडा आणि वाटेचा पृष्ठभाग बाहेरच्या बाजूला किंचित कलता करा, साधारण ५ टक्के. एक मीटर रुंदीच्या वाटेला बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा पाच सेंटीमीटर खाली. चालणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. निघालेली माती कडेवरच ढीग करून ठेवू नका, नाहीतर नवा वरंबा तयार. ती घमेल्यात भरून न्या किंवा उतारावर लांब, पातळ पसरून टाका. हा कल पावलांखाली पुन्हा सपाट होत जाणार, हे मात्र धरूनच चाला. त्यावर एकट्यावर भिस्त ठेवता येत नाही.

म्हणून दुसरी गोष्ट करायची: वाट मधूनमधून थोडी खाली घेऊन पुन्हा थोडी वर न्यायची. असा उलटा चढ आला की वाटेवरून येणाऱ्या पाण्याला तिथे थांबून बाहेर पडावंच लागतं. नवी वाट आखताना हे फुकटात होतं. जुन्या वाटेवर खोदून करावं लागतं. पद्धत अशी: वाटेच्या बाहेरच्या कडेपासून आत, अर्धवर्तुळाच्या आकारात सुमारे तीन मीटर लांबीचा तुकडा तासून घ्या. मध्यावर बाहेरचा कल १५ टक्क्यांपर्यंत असू दे आणि दोन्ही टोकांना तो हळूहळू मूळ वाटेत मिसळू दे. निघालेली माती लगेच खालच्या अंगाला वाटेवर पसरून, ठोकून, तीन ते सहा मीटर लांबीचा बेताचा उंचवटा करा. हे साधलं तर सायकलवाल्यालाही धक्का बसत नाही आणि पाणी मुकाट बाहेर जातं. मातीचा प्रकार आणि चढ बघून असे खोलगट उतार साधारण ६ ते १५ मीटरांवर द्यावे लागतात. भुसभुशीत मातीत जवळजवळ, मुरमाड जमिनीत लांब लांब.

नवशिके गट यात बहुतेक वेळा जागा फार छोटी करतात. हातभर रुंदीचा चर काढला की पहिल्याच जोरदार पावसात तो गाळाने भरतो. आणि बाहेर जाणारं तोंड गवतात, पालापाचोळ्यात अडकलेलं राहिलं तर तुम्ही वाटेच्या मधोमध डबकं तयार केलेलं असतं. तोंड कडेच्या पुढे चांगलं फूट-दोन फूट मोकळं करा. काम झाल्यावर वरून बाटलीभर पाणी ओतून बघा, ते वळायला हवं.

ओंडका किंवा दगडांची रांग तिरकी पुरून पाणी वळवायची पद्धत खूप ठिकाणी दिसते. मला ती फारशी पटत नाही. ओंडक्याच्या मागे गाळ साचतो, पाणी त्यावरून उडी मारून खालची माती खणतं, ओंडका उघडा पडतो, लोक अडखळतात आणि बाजूने जायला लागतात. थोडक्यात, रुंदी वाढवायची सोय आपणच करून देतो. नाइलाज असेल, म्हणजे चढ तीव्र आणि वाट हलवायला जागाच नसेल, तर मोठे दगड खोल पुरून करा आणि दर पावसाळ्यात दोनदा तरी साफ करायची तयारी ठेवा.

सरळ चढणाऱ्या वाटांचं वेगळं. तिथे वाट दोन्ही बाजूंच्या जमिनीपेक्षा खाली गेलेली असते, त्यामुळे पाणी वळवणार कुठे? कितीही दगड भरा, पुढच्या वर्षी ते पायथ्याशी सापडतात. अशी वाट सोडून शेजारून नवी, आडवी वाट काढणं हाच उपाय. काम मोठं वाटतं, पण दरवर्षीच्या भरावाचा हिशेब केला तर स्वस्त पडतं. अर्थात राखीव क्षेत्रात हे ज्या यंत्रणेच्या ताब्यात जंगल आहे तिच्या लेखी परवानगीशिवाय करता येत नाही. आखणीआधी तिथल्या झाडांची, घरट्यांची, बिळांची माहिती असलेला माणूस बरोबर हवा.

नव्या वाटेवर नागमोडी वळणं शक्य तितकी कमी ठेवा. वळणाच्या वरच्या टप्प्यावरून खालचा टप्पा दिसला की लोक मधून उतरणारच. वळण मोठ्या खडकाला, दाट झुडपाला किंवा झाडांच्या जाळीला धरून घ्यावं, म्हणजे दोन टप्पे एकमेकांना दिसत नाहीत. ओढा ओलांडताना वाट त्याला काटकोनात न्या, जमल्यास खडकाळ तळाच्या जागी. आणि ओढ्यापासून दोन्ही बाजूंना वाट वरच चढली पाहिजे. एका बाजूला ती ओढ्यापासून खाली उतरत असेल तर पुरात ओढा आपला मार्ग सोडून तुमच्या वाटेने धावायला लागतो. हे एकदा झालं की एका रात्रीत कमरेइतकी घळ पडू शकते.

जुनी वाट बंद करताना बहुतेक ठिकाणी तोंडाशी दोन दगड आणि ‘प्रवेश बंद’ची पाटी लावून लोक घरी जातात. एवढ्याने वाट मरत नाही. माणसं थांबली तरी तिच्यातून पाणी वाहतच राहतं. आधी घळीत ठिकठिकाणी आडवे दगड-ओंडके रचून पाण्याचा वेग मोडा, म्हणजे गाळ धरेल. मग टिकावाने दाबलेली माती चांगली उकरा, कारण कडक जमिनीत बी रुजत नाही. त्यावर आजूबाजूचाच पालापाचोळा आणि वाळलेल्या फांद्या पसरा. बाहेरून आणलेली माती किंवा शोभेची रोपं अजिबात नकोत, त्यांच्याबरोबर नको त्या झाडांचं बी येतं. सगळ्यात जास्त मेहनत दोन्ही तोंडांशी घ्या: वाटेवर उभं राहून नजर जिथपर्यंत जाते तिथपर्यंतचा भाग वाट वाटताच कामा नये. काही फांद्या उभ्या पुरल्या तर आडव्या पडलेल्या फांद्यांपेक्षा त्या जास्त अडवतात. पाटी लावायचीच तर कारण लिहा: ‘इथे जंगल पुन्हा वाढतं आहे, वाट डावीकडून.’ आणि नवी वाट चालू झाल्यावरच जुनी बंद करा, आधी नाही.

चिखलाच्या सपाट जागा हा तिसरा प्रकार. सपाटीवर वाट सोपी असते असा समज आहे, पण तिथे पाण्याला जायला दिशाच नसते. लोक डबक्याला वळसा घालतात, वळसा चिखल होतो, मग त्यालाही वळसा. इथे वाट आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच करावी लागते: कडेला दगड लावून, खाली मोठे दगड, वर बारीक खडी आणि दगडाची भुकटी ठोकून. माती फारच मऊ असेल तर खाली जिओटेक्स्टाइल, म्हणजे जमिनीत घालायचं मजबूत, पाणी झिरपू देणारं कापड घाला, म्हणजे खडी चिखलात बुडत नाही. खडी कोनदार, फोडलेलीच घ्या. नदीतले गोल गोटे दिसायला छान, पण ते एकमेकांत अडकत नाहीत, पायाखाली फिरतात आणि लोक पुन्हा कडेला उतरतात. कायम पाणी साचणाऱ्या जागी मात्र भराव टाकूच नका, पाण्याचे खालचे प्रवाह अडतात. तिथे खांबांवर उचललेली फळ्यांची वाट बरी.

आणि चालणाऱ्यांना एकच सांगा: चिखल असला तरी मधूनच, एकामागे एक चला. बूट धुता येतात. डबक्याच्या कडेला चालायला अवघड असे खडबडीत दगड, झुडपं ठेवली की सांगायचीही फारशी गरज पडत नाही. पायऱ्यांनाही हेच लागू आहे. पायरी उंच झाली, वीस सेंटीमीटरच्या वर गेली, की शेजारी मातीची घसरगुंडी तयार झालीच समजा.

आता पॅव्हर ब्लॉक. टेकडीवर मी ते टाकणार नाही. पाणी त्यांच्यावरून जोरात पळतं आणि जिथे ते संपतात तिथे, तसंच कडेखाली, माती खणतं. वर्षभरात कडेचे ब्लॉक लोंबकळायला लागतात. शिवाय गुळगुळीत वाट झाली की दुचाकी आत येते, तिच्यामागे विक्रेते, मग दिवे. पण गेटपासूनचा पहिला सपाट तुकडा पक्का करायला माझी हरकत नाही, उलट तो करावाच. चाकाची खुर्ची वापरणारे, म्हातारी माणसं, बाळाची ढकलगाडी घेऊन आलेले आईबाप यांनाही जंगल हवं असतं. अमेरिकेत २०१३ पासून सरकारी जमिनींवरच्या अशा वाटांसाठी जे निकष आहेत ते कुठेही आधाराला घेता येतात: रुंदी किमान ९१५ मिलिमीटर, ५ टक्क्यांपर्यंतचा चढ कितीही लांब चालतो, ८.३३ टक्क्यांपर्यंतचा सलग ६० मीटर, १० टक्क्यांपर्यंतचा ९ मीटर आणि १२ टक्क्यांपर्यंतचा जेमतेम ३ मीटर. चढाच्या तुकड्यांमध्ये विसाव्याच्या सपाट जागा. पृष्ठभाग काँक्रीटचाच हवा असं त्यात नाही, घट्ट आणि न हलणारा हवा. नीट ठोकलेली दगडाची भुकटी त्यात बसते.

‘माणसं जास्त झालीत’ हा आक्षेप मी उडवून लावत नाही, पण त्यावर वाटा वाढवणं आणि सगळ्या वाटा बंद करणं, दोन्ही उपाय उलटतात. पायदळी तुडवण्याचं बरंचसं नुकसान सुरुवातीच्या थोड्या वापरातच होतं. नंतर गर्दी दुप्पट झाली तरी नुकसान दुप्पट होत नाही. म्हणून गर्दीच्या जंगलात मोजक्या, मजबूत वाटांवर सगळ्यांना आणणं हे दहा कच्च्या वाटांवर पांगवण्यापेक्षा चांगलं. लोकांना गेल्या वाटेने परतायला आवडत नाही, त्यांना फेरी हवी असते. गेटजवळ एक छोटी फेरी, तिला जोडून एक मोठी, आणि जंगलाचा एक सलग भाग पूर्ण वाटेविना, अशी रचना केली तर चोरवाटा आपोआप कमी होतात.

बंद करण्याला जागा आहेच, पण ते कामासाठी असावं. सिंगापूरचं बुकित तिमाह हे जेमतेम १६३ हेक्टरांचं, शहराने वेढलेलं जंगल सप्टेंबर २०१४ मध्ये दुरुस्तीसाठी बंद झालं आणि टप्प्याटप्प्याने उघडत ऑक्टोबर २०१६ मध्ये पूर्ण खुलं झालं. त्या काळात उतार बांधून काढले, रुंदावलेल्या वाटा अरुंद केल्या, फळ्यांच्या वाटा घातल्या. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या पश्चिमेच्या वाइताकेरे डोंगररांगांत कारण वेगळं होतं. तिथल्या कौरी वृक्षांना मुळं कुजवणारा रोग लागला आणि तो बुटाला चिकटलेल्या चिमूटभर मातीतूनही पसरतो. डिसेंबर २०१७ मध्ये स्थानिक माओरी समाजाने तिथे जाण्यावर पारंपरिक बंदी जाहीर केली, मे २०१८ पासून नगर प्रशासनाने जंगलभाग बंद केला, आणि नंतर बूट धुण्याची ठिकाणं आणि मुळांना बुटांची माती लागणार नाही अशा वाटा करून त्या एकेक करून उघडत नेल्या. तुमच्या जंगलात असा रोग नसेलही, तरी गेटवर बूट घासायचा ब्रश ठेवायला काय जातं? तणांचं बी असंच प्रवास करतं.

प्राण्यांच्या बाबतीत माणसांच्या संख्येइतकीच वेळही महत्त्वाची असते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ६२ सस्तन प्रजातींची माहिती एकत्र केली होती. माणसाच्या वावराला प्रतिसाद म्हणून त्यांचा रात्रीचा वावर सरासरी १.३६ पट झाल्याचं त्यात दिसलं, आणि चालायला येणारा निरुपद्रवी माणूसही त्यातून सुटलेला नव्हता. आपण दिवस घेतला, आता रात्र तरी त्यांची राहू दे. अंधार पडायच्या आत गेट बंद, वाटेवर दिवे नाहीत, कुत्रा आणायची परवानगी असेल तर दोरीनेच. यात मी तडजोड सुचवणार नाही.

पाट्यांबद्दल एवढंच: फाट्यावर लावा, मध्ये नको. अंतराबरोबर वेळही लिहा. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये दिलेला हिशेब अजून कामाला येतो: पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. फिरायला आलेल्या कुटुंबांसाठी त्याच्या दीडपट वेळ धरा. प्रत्येक फाट्याच्या खांबाला क्रमांक द्या, म्हणजे कोणाचा पाय मुरगळला तर मदत मागवताना ‘मोठ्या झाडाजवळ’ असं सांगावं लागत नाही.

कामाचा मोसम पावसाळा संपता संपता, माती ओलसर असताना. चिखलात केलेलं काम बसत नाही आणि वाळलेल्या मातीत टिकाव उडतो, ठोकूनही घट्ट होत नाही. सुरुवात वाटेच्या वरच्या टोकापासून करा, कारण वर वळवलेलं पाणी खाली येतच नाही. आणि वाद मिटवायचा असेल तर मोजमाप ठेवा. प्रत्येक वाटेवर दोन-तीन जागी दोन्ही कडांना लोखंडी खुंट्या ठोका, त्यांच्यामध्ये दोरी ताणा आणि दर वीस सेंटीमीटरवर दोरीपासून जमिनीपर्यंतचं अंतर लिहून घ्या. वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, त्याच खुंट्यांवर. कुठला तुकडा दुरुस्तीवर निभेल आणि कुठला हलवावाच लागेल, ते दोन वर्षांच्या नोंदींत कळेल.